चर्चच्या तळघरातलं निवडणुकीचं जेवण

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या समोरच्या घरात एक अमेरिकन आजी राहायच्या. आमचं दोघींचं एकाच बाबतीत जुळायचं: गप्प बसणं दोघींनाही जमायचं नाही. त्या दर रविवारी न चुकता चर्चला जायच्या, आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत ज्या पक्षासाठी दारोदार फिरायच्या त्याचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. नव्वदीच्या दशकातली ती निवडणूक. मला नुकतीच सिटिझनशिप मिळाली होती, मतदान पहिलंच, त्यामुळे मीही हट्टाने प्रचाराला लागले होते. माझ्या अंगणात एका उमेदवाराची पाटी, त्यांच्या अंगणात दुसऱ्याची. आणि माझी मुलगी मात्र शाळा सुटल्यावर, मी लॅबमधून येईपर्यंत, त्यांच्याच स्वयंपाकघरात कुकीज खात बसलेली.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला जेवायला बोलावलं. घरी नाही, चर्चच्या तळघरात. दर निवडणुकीला तिथे दोन्ही पक्षांचे प्रचारक एकत्र जेवायचे. एक इकडचा, त्याच्या शेजारी एक तिकडचा, असं बसायचं. ताटाला हात लावण्याआधी प्रत्येकाने उठून विरुद्ध उमेदवाराबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची, तीही खरी. बोलताना ‘पण’ म्हटलं की खाली बसायचं, आणि पुन्हा उठून पहिल्यापासून सांगायचं. मग प्रार्थना, मग जेवण.

“बाप रे, म्हणजे मी उपाशीच परत येणार,” मी नवऱ्याला म्हटलं.

“तुझं तोंड बघता, तसंच दिसतंय,” तो म्हणाला. “नको ना जाऊस. कॅन्सल कर.”

त्याला काळजी जेवणाची नव्हती. आम्ही नागपूरचे बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात कुठल्याही देवापुढे हात जोडलेले नाहीत, आणि खोटं बोलायचं नाही हे तर पंचशीलातच आलं. झाली ना पंचाईत! त्या उमेदवाराबद्दल खोटं गोड बोलायचं नव्हतं, प्रार्थनेला मानही झुकवायची नव्हती. आणि दोन्हींना नकार दिला असता तर चर्चच्या लोकांसमोर आजींचं नाक कापलं गेलं असतं. त्या तुटल्या तर या गावात मला हक्काचं होतं कोण?

मी सरळ रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना सांगून टाकलं, “मी येईन, हात जोडणार नाही. डोळेही मिटणार नाही.”

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मी तुला जेवायला बोलावलंय. बाप्तिस्मा द्यायला नाही.”

मी पाटवड्या घेऊन गेले. माझ्या शेजारी आजींच्या पक्षाचा एक धिप्पाड माणूस होता. बसता बसताच त्याने विचारलं, तुमचं चर्च कोणतं? मी म्हटलं, मी बौद्ध आहे, आम्ही देव मानत नाही.

“ज्याला देवच नाही, त्याने या देशाचा अध्यक्ष कसा काय निवडायचा?” तो म्हणाला, आणि काही हळू म्हणाला नाही.

माझी कानशिलं तापली. मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरून आजी उठल्या. माणूस त्यांच्याच पक्षाचा, त्यांच्याच चर्चचा.

“देव मानते असं म्हणून आपल्यात बसणं हिला सोपं होतं,” त्या म्हणाल्या. “हिने मला तोंडावर खरं सांगितलं. या देशाला असेच मतदार हवेत. मग ते माझ्या विरोधात मत देईनात का.”

तो माणूस लाल झाला. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात “माझं चुकलं” म्हणाला. मला तर त्याचंही कौतुक वाटलं. भर पंगतीत असं म्हणायला छाती लागते.

मग एकेक जण उठू लागला. माझ्याच पक्षाच्या एका प्रोफेसरांनी दोनदा ‘पण’ म्हटलं, दोनदा खाली बसले. हसून पुरेवाट झाली. शेवटी माझी पाळी आली.

“आठवडाभर शोधतेय,” मी म्हटलं. “तुमच्या उमेदवारात मला काहीही सापडलं नाही.” प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. “एवढंच दिसलं, की समोरच्या आजी दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच्यासाठी जिने चढतात. ही बाई कुणासाठी उगाच बूट झिजवणाऱ्यातली नाही. म्हणजे मला दिसत नाही असं काहीतरी चांगलं त्याच्यात असणार.”

पहिली टाळी त्या धिप्पाड माणसाने वाजवली. मग प्रार्थना झाली. सगळ्या माना खाली, सगळे डोळे मिटलेले, आणि मी एकटी ताठ. मी काय करतेय हे बघायला कुणाचे डोळे उघडे होते? जेवताना त्या माणसाने मक्याचा ब्रेड समजून पाटवडीला लोणी फासलं. अहो, लोणी कशाला, म्हणेपर्यंत तिसरीही संपली होती.

नोव्हेंबरमध्ये माझा उमेदवार जिंकला. घरात आम्ही अक्षरशः नाचलो. सकाळी आजी स्वतःच्या अंगणातली पाटी उपटताना दिसल्या. मग हाताची माती पुसत आमच्या दाराशी आल्या आणि “अभिनंदन” म्हणाल्या.

“या रविवारी निवडून आलेल्यासाठी प्रार्थना आहे,” त्या म्हणाल्या. “यंदा मी म्हणणार आहे. सोबतीला येशील?”

मी गेले. पहिल्याच रांगेत त्यांच्या शेजारी बसले. आजी उठून तिथेच सगळ्यांकडे वळून उभ्या राहिल्या. ज्याला पाडायला त्या उन्हाळाभर फिरल्या होत्या, त्याचं पूर्ण नाव घेऊन त्यांनी त्याच्यासाठी आरोग्य मागितलं, शहाणपण मागितलं, त्याच्या बायकामुलांसाठी सुख मागितलं. आवाज जराही कापला नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते, म्हणून त्या भरलेल्या चर्चमध्ये मला एकटीलाच दिसलं की त्यांच्या गालांवरून पाणी वाहतंय.

मी हळूच माझा रुमाल त्यांच्या हातात दिला. ‘आमेन’ व्हायच्या आत त्यांनी चेहरा पुसला.

परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, “कुणी पाहिलं?”

“मी,” मी म्हटलं.

“तू पाहिलंस तर चालतं,” त्या म्हणाल्या, आणि रुमाल घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवून दिला.