मी काढून टाकलेलं उपकरण

कंपनीत ऑडिटवाले येणार म्हणून मी संगणकांची साफसफाई केली आणि त्या भरात एक उपकरण काढून टाकलं. वजनकाट्याच्या संगणकात उपकरणांच्या यादीत त्याच्यापुढं पिवळी खूण होती, नाव ‘अनोळखी’. घरी मी चहाचा कप विसळत नाही, पण यादीत पिवळी खूण मला खपत नाही.

चितेगावच्या त्या कारखान्यात काट्यावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरा संगणक तिथं नव्हताच. ऑफिसातल्या एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात असे पाच-सहा आभासी संगणक नांदत होते. सर्व्हर यजमान, ते पाहुणे. मी काढलेल्या उपकरणाचं काम एवढंच, की पाहुणा कोसळला तर कोसळता कोसळता त्यानं यजमानाला तसं कळवावं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्याची ओळख पटवणारा छोटा प्रोग्राम, टाकला असता तर खूण गेली असती. मी उपकरणच घालवलं.

पुढं काट्यावरचे काका तक्रार करू लागले. पैठणहून एसटीनं येणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले.

“साहेब, पडदा निळा व्हतो अन् आपोआप पुन्हा चालू व्हतंय. गाडीचं वजन जातंय.”

“काका, काय दाबता तुम्ही?”

“कायबी दाबत नाय. आईशप्पथ.”

मी यजमानाच्या नोंदी उघडल्या. काट्याचा संगणक: चालू. महिनाभर चालूच. बंद खोलीबाहेरून पंख्याचा आवाज ऐकावा आणि आतला माणूस धडधाकट आहे म्हणावं, तसलं ते. पाहुणा पडून पुन्हा आपला आपण उठत होता. यजमानाला पत्ता नव्हता. मी मात्र तोच कागद छापून भर मीटिंगमध्ये मॅनेजरपुढं ठेवला. “यंत्रात दोष नाही. काकांना सवय नाही.” दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर, उन्हात, गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं.

काट्यावर एक पदवीधर बाई आल्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन: “सर, स्क्रीन निळी झाली.” त्यांना मी ‘काय दाबलंत’ असं विचारलं नाही. धावत गेलो. हे आठवलं की अजून कान तापतात.

पडदा निळा, तरी यजमानाकडं नोंद ‘चालू’च; तेव्हा ते काढलेलं उपकरण आठवलं. ते परत बसवलं, ड्रायव्हर टाकला. दुसऱ्याच दुपारी यजमानाकडं नोंद आली: पाहुणा कोसळला. शेवटच्या क्षणी त्याच्या मेमरीत काय होतं, तेही यजमानानं जपून ठेवलेलं. दोष निघाला काट्याच्या जोडणीतल्या एका जुन्या ड्रायव्हरचा.

मॅनेजरला मेल केला: ‘तांत्रिक अडचण दूर केली.’ काकांना खोटं कुणी पाडलं, हे लिहायला खाली भरपूर जागा होती. लिहिलं नाही. काका काट्यावर परत आले आणि मलाच म्हणाले, “लई उपकार झाले, साहेब.” मी निर्लज्जासारखा “असू द्या, असू द्या” म्हणालो.

संध्याकाळी पडेगावला घरी आलो. बायको मेथी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, ‘जाऊ द्या हो’ म्हणेल. ती मान वर न करता म्हणाली,

“अहो, त्यांची चूक भर मीटिंगमध्ये सांगितलीत ना? मग स्वतःची मेथीपुढं कशाला सांगताय?”