आतल्या फोटोची कंपनी

माझे यजमान केदारखेड्याचे. शेती भावाच्या हवाली करून ते जालन्यात आले आणि तिथल्या मस्तगड भागात त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. लग्नसराईत ते दोन-दोन दिवस घरी नसायचे आणि आले की त्यांच्या शर्टाला डार्करूममधल्या रसायनांचा आंबूस वास यायचा.

शेअरचा नाद त्यांना एका गिऱ्हाइकानं लावला. कापडाचे व्यापारी होते, पासपोर्टसाठी फोटो काढायला आले होते. ज्या धंद्यातलं आपल्याला कळतं त्याच धंद्यातल्या कंपनीत पैसा घालावा, असं त्यांनी सांगितलं. यजमानांना कळत होतं ते रोल आणि फोटोच्या कागदातलं. त्यांनी रोल बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले.

"माणूस लगीन करणार, मंग फोटो काढणारच," ते म्हणाले. "ही कंपनी बिलकुल बुडत न्हाई."

पुढं डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाईल आले. कंपनीचा भाव उतरत गेला आणि शेवटी बाजारातून तिचं नावच निघालं. त्यांनी शेअर विकले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "आता कोण घेतंय?" तेवढ्यावर विषय संपला. त्याच सुमारास स्टुडिओ बंद झाला. गाळा भाड्यानं दिला, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

नंतर बरेच दिवस ते घरात नुसते बसून असत. एकदा माझ्या दिरांची कंबर धरली म्हणून त्यांना एमआरआयला घेऊन गेले आणि परतले ते एकदम तरतरीत होऊन.

"अगं, बाहेरून फोटो काढायचं संपलं. लोक आता आतून काढून राह्यलेत," चप्पल काढता काढताच ते बोलायला लागले. "बसायला बाकडं न्हाई तिथं. इतकी गर्दी!"

गावोगावी स्कॅन सेंटर चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांनी घेतले. या वेळी मात्र त्यांचा अंदाज बराबर निघाला. भाव चढत गेला. संध्याकाळी चहा झाला की ते मोबाईल माझ्यापुढं धरायचे. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण त्यांचा चेहरा खुललेला असायचा, म्हणून मी बघायचे.

मग त्यांचं जेवण कमी झालं. डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ असेल म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला सांगितलं. चिठ्ठी घेऊन सेंटरवर पोचलो. पाटी बघून यजमान थांबले.

"आपल्याच कंपनीचं हाय," ते हळूच म्हणाले.

आत जातानाही ते तिथल्या मुलीला विचारत होते, दिवसाला किती पेशंट येतात, मशीन कुठून आणलं. ती हसली. "काका, तुम्ही फक्त मी सांगितलं की श्वास रोखून धरा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. यजमान खुर्चीतून पुढं वाकले, डोळे बारीक करून बघत राहिले. "कॉन्ट्रास्ट चांगला आलाय," ते म्हणाले. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं स्वादुपिंडावरची गाठ दाखवली. तीही फिल्मवर स्पष्ट दिसत होती.

संभाजीनगरला नेलं, औषधं झाली, पण उपयोग झाला नाही. त्या वर्षीची दिवाळी त्यांना दिसली नाही.

मी रडले नाही. तेराव्याला दीर जवळ येऊन बसले. "वहिनी, जरा रडून घ्या. मोकळं वाटंल," म्हणाले. मी हो म्हटलं आणि पंगतीला मीठ वाढलंय का ते बघायला उठले. नंतरही कधी रडू आलं नाही. पोळ्या लाटायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, कोणी बोललं की उत्तर द्यायचे. आतून काही हलत नव्हतं.

शेअर माझ्या नावावर करायचं काम आमच्या मुलीनं पुण्याहून केलं. "आई, भाव चांगला आहे. विकून टाकू का?"

"राहू दे."

"कशासाठी?"

"न्हाई माहीत. राहू दे."

तिनं माझ्या मोबाईलवर सगळं घालून दिलंय. भाव हिरवा दिसतो, कधी लाल. आज ऊन किती आहे ते बघावं तसं मी बघते आणि मोबाईल ठेवून देते.

परवा कंपनीची वार्षिक सभा मोबाईलवरच होती. मुलीनं आग्रह केला म्हणून लावली. मी कोथिंबीर निवडत बसले होते. कोट घातलेले एक गृहस्थ सांगत होते की, हे वर्ष चांगलं गेलं. लहान शहरांतली सेंटरं भरून वाहू लागली आहेत, तपासणीला येणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा वाढली आहे. त्या वाढलेल्यांत आमचेही एक होते, हे माझ्या लक्षात आलं. हातातली काडी खुडायची थांबले. आता तरी काहीतरी होईल असं वाटलं. काही झालं नाही.

शेवटी शेअरवाल्यांच्या मतासाठी ठराव आले. पडद्यावर दोन चौकोन होते, सहमत आणि असहमत. मी ओला हात पदराला पुसला आणि एकेका ठरावापुढं सहमत दाबत गेले. मग मोबाईल पालथा ठेवून उरलेली जुडी पुढ्यात ओढली.