महालक्ष्म्यांचा हार आणि सोळावी भाजी

मागच्या भादव्यात महालक्ष्म्यांच्या गळ्यात घालायचा हार आम्ही सगळ्यांनी पंगतीला बसून खाल्ला. भाजी उत्तम झाली होती. तेच तर दुःख आहे!

(क्रमानं सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटायचं आमच्या घराण्यातच वेड आहे. घराण्यात नाही, एकट्या माझ्यात आहे.)

महालक्ष्म्या म्हणजे पुण्याकडचे लोक ज्यांना गौरी म्हणतात त्या. आमच्या असतात अमरावतीला, दादाकडे. दादा माझा मोठा भाऊ, वकील माणूस. घरातसुद्धा उलटतपासणी घेतल्याशिवाय चहा पीत नाही. आमच्या आईचा एक नेम होता : देवींच्या गळ्यात विकतचं फूल घालायचं नाही. अंगणात लावलेल्या कोंबड्याचाच हार. कोंबडा म्हणजे ते लालभडक मखमली फूल हो, अगदी तुऱ्यासारखं घड्या घड्यांचं. आई दाभणानं ओवायची तो हार, आणि सण झाला की फुलं ताटात झटकून काळं चमकदार बी कुंकवाच्या जुन्या पितळी डबीत भरून ठेवायची. आई गेली, डबी राहिली. दादानं तो वंश दरवर्षी पुढे चालवला. घरात सुना आल्या, जावई आले, अर्ध्या अंगणाचं वाहनतळ झालं, पण कोंबडा आईचाच.

मागच्या वर्षी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि महालक्ष्म्या त्या वर्षी अकोल्याला बाळूकडे बसतील असं ठरलं. बाळू म्हणजे मी. (साठी उलटली तरी बाळूच. धाकट्यांना बढती नसते.) दादानं पलंगावर पडल्या पडल्या ती डबी माझ्या हातात ठेवली.

"बाळ्या, एवढंच बी हाये. मांगच्या खेपेले पावसानं झाडं सडले. हे गेलं तं आईचा कोंबडा गेला. समजलं?"

"दादा, तू कोनाशी बोलून रायला? म्या सारी हयात पोरायले जीवशास्त्र शिकवलं!"

"म्हनून तं भेव वाटते," दादा म्हणाला.

त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. अकोल्याला येताना बडनेरा मागे पडायच्या आत मी बागेचा आराखडा मनात पक्का केला होता. परसात वाफा, वाफ्याला कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप.

"अवो, त्या वाफ्यात नोका लावू," सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "त्याच्यात मांगच्या साली मी..."

"तू मधात बोलू नोको!"

"अवो, पन तिथं म्या..."

"जीवशास्त्र कोनं शिकवलं? तू का म्या?"

"तुमी," असं म्हणून ती आत गेली. ती अशी शांतपणे आत गेली की पुढं काहीतरी भयंकर घडतं, हा माझा संसारातला अनुभव आहे. पण अनुभव असणं वेगळं आणि तो वापरणं वेगळं!

बी पेरलं. कोंबड्याचं बी इतकं बारीक की शिंक आली असती तर वंश शेजाऱ्याकडे गेला असता, म्हणून नाकाला रुमाल बांधून पेरलं. पावसानं दडी मारली होती. आणि नेमका त्याच सकाळी नळ आला! अकोल्यात नळ पाव्हण्यासारखा येतो : न कळवता येतो, थोडा वेळ बसतो, आणि पुन्हा कधी येणार ते सांगत नाही. आलेल्या पाण्याचा अपमान नको म्हणून मी नळी लावली आणि पूर्ण सोडली. वाफ्याचं तळं झालं. तळ्याची नदी झाली. नदी भिंतीखालच्या मोरीतून डौलात बाहेर गल्लीत गेली. पाण्यावर काळं काळं काहीतरी चमकत चाललं होतं.

"मुंग्या दिसतात," मी म्हणालो. (जीवशास्त्र!)

आठवड्याभरात वाफ्यात कोंब आले. लालसर, तजेलदार, दाट! मी फाटकाशी उभा राहून अक्षरशः डोळे पुसले. मग सुरू झाली सेवा. शेणखत झालं, निंबोळी पेंड झाली, आंबट ताकाची फवारणी झाली. (घरात कढी बंद झाली, पण वाफ्यात ताक कमी पडू दिलं नाही.) पाऊस आला तर झाडांवर छत्री मी धरायचो आणि स्वतः भिजायचो. सर्दीनं मी आठ दिवस खोकत होतो, पण एका पानालाही शिंक आली नाही! बकऱ्या येऊ नयेत म्हणून सुनंदाच्या जुन्या लुगड्यांचं कुंपण केलं. त्यातलं एक जुनं नव्हतं, हे मला नंतर बऱ्याच मोठ्या आवाजात कळलं.

रोज घरच्या ग्रुपवर फोटो. भाचे, पुतणे, सुना सगळे अंगठे दाखवायचे. एकट्या दादाचा फोन आला.

"पानं जरा चवडे, रुंद दिसून रायले रे."

"खत चांगलं हाये, दादा."

"आईच्या कोंबड्याले असे पान नवते."

"आईले निंबोळी पेंड माईत नवती!"

सुनंदाही एकदा कुंपणावरून डोकावली. "माठावानी दिसून रायलं मले तं."

मी नुसता हसलो. वर्गात मागच्या बाकावरून चुकीचं उत्तर आलं की हसायचो, तसा.

इकडे ही भक्ती, आणि तिकडे गल्लीत माझं दुसरं समाजकार्य चालू होतं. कॉलनीच्या स्वच्छतेचा मी स्वयंघोषित प्रमुख आहे. (निवडणूक झाली असती तर अनामत गेली असती.) त्या पावसाळ्यात आमच्या नालीच्या काठानं कसलंतरी लाल देठाचं रान उगवलं होतं, जिकडे तिकडे! कुरडू, मी एका दृष्टिक्षेपात निदान केलं. रानगवत. दर रविवारी कंबर कसून मी ते मुळासकट उपटायचो. उपटलं की पुन्हा यायचं. मी पुन्हा उपटायचो. इतकी चिवट जात मी जन्मात पाहिली नाही.

फक्त एक झाड राहिलं. समोरच्या गावंडेबाईंचा उन्हाळ्यातला कूलर गल्लीच्या कडेला लोखंडी घोडीवर झाकून ठेवला होता, त्याच्या खाली. तिथं वाकायला माझी कंबर तयार नव्हती.

"गावंडेबाई, तुमच्या कूलरखाली जंगल माजून रायलं!"

"एक झाड हाये, सर."

"एकाचे शंभर होतात! उपटा!"

"मी नाही उपटत. कावून उपटू? चांगलं दिसते."

"साप निंगन त्याच्यातून!"

"निंगला तं तुमाले बलावीन. तुमी शिकवजा त्याले जीवशास्त्र," असं म्हणून त्यांनी दार लावलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. तेवढं कमी म्हणून त्यांच्या कूलरच्या तक्रारीचा विषय मी कॉलनीच्या बैठकीत मांडला. बैठकीला मी आणि अध्यक्ष होतो. अध्यक्ष झोपले होते.

आता भादवा तोंडावर आला, आणि वाफ्यात फुलाचा पत्ता नाही! मोबाइलवर एका गृहस्थानं सांगितलं होतं, शेंडे खुडा, झाड डेरेदार होतं. मी खुडले. डेरेदार झालं म्हणून आनंदानं पुन्हा खुडले. शेवटी झाडं अशी फोफावली की त्यात म्हैस लपली असती, पण फूल? शपथेला नाही. मी वाफ्यासमोर हात जोडून उभा राहू लागलो. रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली.

"अवो, झेंडूचे हार सांगून ठेवते बजारात," सुनंदा म्हणाली.

"आईच्या नेमात विकतचं फूल नाही!"

"पन घरचं फूल कुठी हाये?"

"ऐन वेळेवर फुलते ते," मी म्हणालो. आवाज फाटला तो त्या सर्दीनं.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी अमरावतीहून आले. दादाच्या हातात काठी. मी त्याला खुर्ची दिली, पाय ठेवायला स्टूल दिलं, चहा दिला, पंख्याचं तोंड त्याच्याकडे केलं. काहीही केलं, पण परसाकडे जाऊ दिलं नाही. या गडबडीत वहिनी कुठं आहेत, इकडे माझं लक्षच नव्हतं. आणि फाटकाची किल्ली, पाव्हणे यायचे म्हणून, मी कौतुकानं कुलुपालाच ठेवली होती!

वहिनी परसातून आल्या त्या पदराची ओटी भरून.

"भाऊजी! माठ काय सुंदर लावला हो! उद्याच्या नैवेद्याले सोळा भाज्या लागते, पंधराच झाल्या होत्या. मी मनात म्हटलं, सोळावी कुठून आनाव? पाहा, कसा कोवळा लुसलुशीत! सारा खुडून आनला, पंगत मोठी हाये."

मी स्टुलावर बसलो. स्टुलावर दादाचा पाय होता.

"वहिनी," मी म्हणालो, "तो हार होता."

पंखासुद्धा दबकत फिरू लागला. दादानं एक पान उचललं. उजेडात धरलं. चष्मा पुसून पुन्हा धरलं.

"बाळ्या. हा माठ हाये."

"दादा, शास्त्रानुसार माठ अन् कोंबडा, कूळ एकच असते."

"कूळ तं आपलंबी एकच हाये," दादा म्हणाला. "तरी मले पाह्य अन् तुले पाह्य."

तेवढ्यात सुनंदानं तिचं आषाढापासून अडकलेलं वाक्य पूर्ण केलं : "म्या मांगच्या साली त्या वाफ्यात माठ लावला होता. तो बियावर आला, झडला. तेच सांगून रायली होती. तं मधात बोलू नोको म्हने!"

मग वकिलानं साक्षीदार हातात घेतला.

"बी पेरलं होतं?"

"पेरलं."

"पानी कशानं देल्लं?"

"...नळीनं."

"झारी नवती?"

"होती."

"पानी कुठी गेलं?"

"मोरीतून बाहेर."

"चाल दाखव."

मिरवणूक निघाली. पुढे काठी टेकत दादा, मागे ओटीत माठ घेऊन वहिनी, मग सुनंदा, आणि शेवटी आरोपी. गल्लीतली नाली पाहून माझी छाती एरवी फुगली असती. गवताची काडी नव्हती! आरशासारखा काठ!

"इथं काहीच नाही उगोलं?" दादानं विचारलं.

"उगोलं होतं ना!" गावंडेबाई ओट्यावरून म्हणाल्या. बोलणं बंद होतं ते माझ्याशी, दादाशी नव्हतं. "लाल लाल, गालिचा होता नुस्ता! सरनंच उपटला. दर आयतवारी. म्या म्हटलंबी, राहू द्या..."

 दादानं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो हळूच नालीवरच्या छोट्या पुलियाच्या कठड्यावर टेकला, आणि खिशातली रिकामी कुंकवाची डबी काढून नुसती अंगठ्यानं चोळत बसला. बी भरून न्यायला ती त्यानं आल्या आल्याच आठवणीनं माझ्याकडून मागून घेतली होती.

"मंग संपलं म्हना," दादा म्हणाला. "आईच्या हातचं तेवढंच होतं."

तिथंच नालीत पाय सोडून बसावं आणि पाण्याबरोबर वाहत जावं, असं मला वाटलं. पण तेवढं पाणी नव्हतं. नळ आला नव्हता.

"सारंच कुठी संपलं?" गावंडेबाई म्हणाल्या. "माह्या कूलरखालचं हाये की. ज्याच्यापायी सर भांडून गेले."

त्यांनी कूलरच्या घोडीवरचा लोंबता ताडपत्रीचा तुकडा वर केला. खाली, उजेडासाठी मान वाकडी करून बाहेर डोकावत, ताटलीएवढा एकच कोंबडा फुलला होता. लालभडक, मखमली, घडीवर घडी. आईचा! त्याला ना ताक, ना पेंड, ना छत्री.

मी पुढं झालो. "थांबा, मी मुळासकट..."

"हात लावू नोको!" चारही जण एकदम ओरडले. गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून बसलं.

गावंडेबाईंनी खाली ताट धरून फूल हलकेच झटकलं. तळाच्या घड्यांतून काळं चमकदार बी टपटपलं. (मुंग्यांसारखं. अगदी मुंग्यांसारखं!) डबी भरली. मग त्यांनीच आपल्या हातानं फूल कापलं आणि देवींपाशी आणून दिलं. एका फुलाचा हार होत नाही, आणि देवी दोन. म्हणून ते दोघींच्या मधल्या कलशावर ठेवलं. सोबत कुठलंच विकतचं फूल नाही. नेम राहिला.

दुसऱ्या दिवशी गावंडेबाई सवाष्ण म्हणून पहिल्या पाटावर होत्या. मी वाढत होतो. सोळावी भाजी सगळ्यांनी दोनदा मागून घेतली.

"भाजी मस्त झाली," दादा भुरका मारत म्हणाला. "बाळ्या, ताकाची चव उतरली याच्यात."

डबी अर्थातच माझ्याकडे आली नाही. दादानं ती गावंडेबाईंच्या हाती सोपवली, आणि यंदाच्या आषाढात त्यांनी बी नालीच्या काठानं नुसतं भिरकावून दिलं. आता तिथं असा लाल गालिचा आलाय की लोक गाडी थांबवून पाहतात. त्या सगळ्या बागेतलं एक काम मात्र घरच्यांनी एकमतानं माझ्याकडे दिलंय. दर रविवारी सकाळी सुनंदा बाहेरून कडी लावते, आणि दादाचा अमरावतीहून फोन येतो.

"बाळ्या, घरातच हाये ना?"

"घरातच हाये."

"शाबास. अशीच काळजी घेत जाय झाडायची."

आणि मी घेतो हो, अगदी जीव लावून!