अडलेली

मुलाने मला आफ्रिकेच्या जंगलात तंबूत राहायला नेलं. सकाळी जीपमधून फिरताना गवतात एक जनावर आडवं पडलेलं दिसलं, अंगाने गाईएवढं, तोंड लांबोडकं. विल्डबीस्ट म्हणतात त्याला. मादी होती आणि अडली होती. पिल्लाचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडलेला असणार.

आमच्या गोठ्यात मी अशा म्हशी सोडवल्या आहेत. हात घालून पाय सरळ करायचा आणि कळ आली की ओढायचं. मी जीपच्या दाराला हात घातला.

"आई, उतरायचं नाही!" मुलगा ओरडला. "ड्रायव्हर म्हणतोय, इथे कुणी मध्ये पडत नाही. ती तरसं बघ."

लांब झुडपाखाली तरसं बसली होती. त्यांनाही पोरं असतील. जंगलाचा नियम मला चुकीचा वाटला नाही. पण आमच्याकडे मरत्या जनावरापाशी घरातलं एक माणूस बसतं. तोंडात पाणी घालतं, माश्या वारतं. त्याने जनावर वाचत नाही, हे बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी बसतं.

"अहो आई, चला ना. बघवत नाही," सून म्हणाली.

"मग डोळे मिट. गाडी हलवायची नाही."

ऊन चढलं. मादीने दोनदा डोकं उचललं, आमच्याकडे नाही, नुसतं वर. मग तिने मान टाकली.

तरसं उठली तेव्हा मी मुलाला म्हटलं, "आता चल."