खवल्याचा पाहुणचार

आमच्या हिच्या मामांइतकी वर्षं दुबईत काढून त्यांच्याइतकी कमी दुबई पाहिलेला माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही. नव्वदच्या दशकात भारतातून आलेला कुणीही पाहुणा तीन दिवसांत मीना बाजार, सोन्याची दुकानं, खाडीतली अब्रा म्हणजे तिथली होडी आणि वाळवंटातली सफर उरकून परत जायचा. मामांनी यातली फक्त अब्रा पाहिली होती, तीही कामावर जायला लागायची म्हणून. एका कंत्राटदाराकडे ते पंपदुरुस्तीचे फोरमन होते. बर दुबईत देवळाजवळच्या गल्लीत चौघांत एक खोली होती आणि मामी रत्नागिरीकडे गावी होत्या. सुट्टीचा शुक्रवार मामा एकाच ठिकाणी घालवायचे, जुमेऱ्याच्या जुन्या प्राणीसंग्रहालयात.

तिथेही त्यांची तऱ्हा निराळीच. वाघसिंहांच्या पिंजऱ्यांवरून ते, सावकार दिसल्यावर माणूस जसा मान खाली घालून सटकतो, तसे सटकत. ज्या पिंजऱ्यात काहीच नाही असं वाटून लोक पुढे जात, तिथे मामा तासभर उभे. तासाभराने पेंढ्यातून एखादं नाक बाहेर यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि परत आत जायचं. तेवढ्यावर मामा आजाऱ्याला भेटून आल्यासारखे समाधानाने निघायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सिंहाला बघायला सगळं गाव आहे, जावईबापू. ह्याच्याकडे कोण येणार?"

जगात कुठेच सहसा पाळले जात नाहीत अशा प्राण्यांची त्यांनी एक वही केली होती. आमच्याकडे जेवायला आले की ते आमच्या मिहिरला त्यातलं वाचून दाखवत. इथल्याच समुद्रात समुद्रगाय आहे, पण तिला टाकीत ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही, कारण तिला दिवसभर समुद्रातलं गवतच लागतं, असं त्यांनी एकदा सांगितलं. मिहिर म्हणाला, "बट मामाआजोबा, व्हाय कान्ट दे गिव्ह हर सॅलड?" आम्ही हसलो, मामा हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते चौकशी करून आले आणि मिहिरला समोर बसवून म्हणाले की देऊन बघतात, पण ती मन लावून खात नाही. हे सांगणाऱ्या गृहस्थांनी स्वतः इतक्या वर्षांत खुबूसचा, म्हणजे तिथल्या अरबी रोटीचा, तुकडा तोंडात घातला नव्हता. गावाहून येताना त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि उकडा तांदूळ जास्त असायचा.

एका गुरुवारी दुपारी त्यांचा ऑफिसात फोन आला. मामा कामाच्या वेळात फोन करत नसत, म्हणून मी घाबरलो. त्यांना माझी गाडी हवी होती, माझ्यासकट. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ते इतक्यांदा नापास झाले होते की परीक्षक त्यांना आता चहा विचारायचा. प्राणीसंग्रहालयातला पंप दुरुस्त करायला ते गेले होते आणि मागच्या खोलीत त्यांना एका लाकडी पेटीत खवल्या दिसला होता. आपल्याकडे काजूच्या बागेत क्वचित दिसणारं, अंगभर खवले असलेलं ते जनावर कुणीतरी लाँचमधून चोरून आणलं होतं आणि बंदरावर पकडलं गेलं होतं. तिथले सुदानी डॉक्टर भला माणूस. त्यांनी दूध, अंडं, खिमा सगळं देऊन पाहिलं होतं. चार दिवस खवल्या अंगाचा गोळा करून पडून होता. तो मुंग्या आणि वाळवी खातो हे डॉक्टरांना पुस्तकातून ठाऊक होतं, पण दुबईत वाळवी विकत कुठे मिळणार? मामांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "डॉक्टर, नो प्रॉब्लेम. इन्शाल्ला, मैं लाता."

मग आमची वाळवीची शोधमोहीम सुरू झाली. रास अल खोरच्या लाकडाच्या वखारींमागे माल रचायच्या मोडक्या लाकडी पॅलेटचे ढीग पडलेले असत. मामा एकेक फळी कानाशी नेऊन ठोकायचे, कलिंगड निवडल्यासारखी. पठाण वॉचमनने आम्हाला लाकूडचोर समजून पकडलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "हमको लकडी नहीं मंगता, कीडा मंगता." वॉचमनने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. मग त्याने आम्हाला मागच्या बाजूला नेलं आणि पोखरलेला एक अख्खा ओंडका दाखवला. माझ्या कोरोलाची डिकी त्या दिवशी भरली ती पुढचं वर्षभर कधी पूर्ण रिकामी झाली नाही. मिहिर शाळेत जाताना मागून ओरडायचा, "डॅडी, देअर आर अँट्स इन माय सीट." ही तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, मामांशी मात्र बोलत होती.

त्या संध्याकाळी वाळवी खवल्यासमोर ठेवली, तरी तो हलला नाही. डॉक्टर वाकून बघत होते, मीही बघत होतो. मामांनी खिडकीला गोणपाट लावलं आणि आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. "पाहुणा जेवत असताना त्याच्या ताटाकडे बघू नये," ते म्हणाले. मी ते इंग्रजीत डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, आमच्या गावातही असंच सांगतात. आम्ही तिघं भिंतीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने पाठीमागे खुडबुड झाली, मग ओल्या दोरीने जमीन झाडावी तसा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी न वळता मामांचा हात दाबला.

त्यानंतर मामांनी कुणालाही सोडलं नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला दारात उभं राहून त्यांनी बायकांना विचारलं, तुमच्याकडे मुंग्या आहेत का? आपल्या स्वयंपाकघरावर आळ आल्यासारखं प्रत्येकीने नाही म्हणून सांगितलं. मग आठवडाभर हिला एकेकीचे हळू आवाजात फोन आले, की हो, ओट्यामागे आहेत, मामांना पाठव.

खवल्या रुळला. डॉक्टर आणि मामांनी मिळून खिमा, अंडं आणि वाळवीच्या मातीचं एक कालवण जमवलं. मामांची गावी जायची सुट्टी आली आणि त्यांनी ती पुढे ढकलली. दुसऱ्यांदा ढकलली, तेव्हा मामींनी फोनवर सुनावलं, "तिकडे वाळवी गोळा करताय, आणि इकडे आपल्या चौकटीला लागलीय ती कोण काढणार?" त्यावर मामांनी तिकीट काढलं. शेवटी काम माझ्यावर सोपवून ते गेले. दर रविवारी गावातल्या बूथवरून फोन करत; माझ्या तब्येतीची चौकशी एका वाक्यात आटपून खवल्याची सुरू करत. दीड महिन्याने परत आले ते नवी चौकट बसवून, आणि जुन्या चौकटीचा वाळवी लागलेला तुकडा पिशवीत घालून. कस्टमने तो काढून घेतला, ह्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी खवल्या अंगाचा गोळा करून झोपला तो उठला नाही. हात लावून पाहिल्यावर डॉक्टरांना कळलं. असा प्राणी परमुलखात इतके दिवस जगतच नाही, असं ते मामांना पुन्हा पुन्हा सांगत होते. मामांनी ऐकून घेतलं, हात धुतले आणि त्या दिवशीचं पंपाचं काम पूर्ण केलं.

आठवड्याने डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. पुढेमागे कुठे असा प्राणी आला, तर तिथल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून त्यांना सगळं लिहून ठेवायचं होतं. मामा मराठीत सांगत होते, मी इंग्रजी करत होतो. वाळवी किती द्यायची, असं डॉक्टरांनी विचारलं. मामा म्हणाले, मूठभर. कागदावर मूठ चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी तराजू आणला. कोपऱ्यातल्या डब्यात वाळवीची थोडी माती उरली होती. मामांनी त्यातली एक मूठ भरून पारड्यात सोडली. डॉक्टरांनी आकडा लिहिला.

मामा तराजूकडे बघत राहिले. मग त्यांनी डब्यात पुन्हा हात घातला आणि चिमूटभर माती वर टाकली.

"शुक्रवारी एवढी जास्त द्यायचो," ते म्हणाले. "सुट्टीचा दिवस."

मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी मान वर न करता शुक्रवारचं वजन वेगळ्या ओळीत लिहून घेतलं.