सुतासाठी मिटलेली खिडकी

चैत्रातल्या सोलापुरी दुपारी जेव्हा डांबर उन्हाने मऊ पडते आणि कडुनिंबाचा मोहोर कडवट-गोड दरवळू लागतो, तेव्हा मला हमखास ओल्या भुईचा आणि सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास येतो. तो आता आसपास कुठेच नसतो, तरी येतो. परवा आमच्या इमारतीत घर पाहायला आलेल्या जोडप्याने पहिला प्रश्न विचारला, हवा खेळती आहे ना? मला हसू आले. आमच्या घरात हवा खेळली असती, तर आम्ही उपाशी राहिलो असतो.

शहराच्या पूर्व भागातल्या एका खोलीत आम्ही चौघे आणि हातमाग राहत होतो. खरे म्हणजे हातमाग राहत होता आणि उरलेल्या जागेत आम्ही. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून नायना, म्हणजे माझे वडील, दिवसभर विणत. कोरडा वारा लागला की ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे तटातट तुटतात, म्हणून एकुलत्या एका खिडकीला गोणपाट ठोकलेले असे आणि अम्मा भुईवर सारखे पाणी शिंपडत असे. त्याच ओलसर अंधारात चूल पेटे, त्याच अंधारात सुताची बारीक तुसे तरंगत आणि आम्ही ती श्वासाबरोबर गिळत असू. सुताला इतके जपत होतो, की माणसांनाही जपावे लागते हे कुणाच्या ध्यानीच आले नाही.

माझी धाकटी बहीण पद्मा आठ वर्षांची असताना तिचा ताप उतरेना, खोकला थांबेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्षयाचे नाव घेतले, गोळ्या दिल्या, घराची चौकशी केली आणि बजावले, नुसत्या गोळ्यांनी भागायचे नाही, ऊन-वारा घरात येऊ द्या. नायना मान खाली घालून म्हणाले, "वारं आलं की सूत तुटतंय की, डॉक्टर." तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि त्यांचा इतका राग मला पुन्हा कधीच आला नाही. पोर मरायला टेकली आहे आणि या गृहस्थाला सुताचे पडले आहे!

घरी आल्यावर मात्र त्यांनी पकडीने खिळे उपसले आणि गोणपाट उतरवले. उजेड आत आला तेव्हा भिंतींवर चढलेली काळी बुरशी आम्ही पहिल्यांदा पाहिली. अम्माने पद्माचे अंथरूण खिडकीखाली घातले. नायनांनी आपला सारा दिवसच बदलून टाकला. भल्या पहाटे, हवेत गारवा असेतो विणायचे आणि ऊन चढल्यावर तुटलेला एकेक धागा सांधत बसायचे. दोन दिवसांचे लुगडे चार दिवस चाले. शेजारचे विणकर हसत, आमची ताटेही हलकी झाली, पण गोणपाट पुन्हा चढले नाही. माझ्या वडिलांचा मला तेव्हापासून जो अभिमान वाटू लागला, तो अजून ओसरलेला नाही.

वर्षभरात पद्माचे गाल भरले, ती शाळेत जाऊ लागली. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासणीसाठी कितीदा बोलावले होते, पण माग सोडून नायना कधी गेले नव्हते. आता पोर बरी झाल्याच्या आनंदात ते मला घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. दुखणे तेच होते, क्षयाचे, पण जुने, पद्माच्याही आधीचे. इतकी वर्षे बोलला का नाहीत, या प्रश्नावर नायना भाबडेपणाने म्हणाले, "मागावरच्या माणसाला खोकला असतोयच की."

त्यांनाही गोळ्या सुरू झाल्या. परतताना घराच्या वळणावर थांबून त्यांनी मला हळूच विचारले, "पद्माला माझ्याकडूनच लागलं काय गं?"

मी नाही म्हणाले. त्यांना ते पटले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण त्या संध्याकाळपासून ते पद्माकडे पाठ करून जेवायला बसू लागले.