जमनाच्या बांधीतला गेरवा

घरात जवसाची चटणी कुटली की त्या दिवशी मी ताटाला हात लावत नाही. पित्त होतं, असं सांगते. सुना बिचाऱ्या खरं मानतात. पित्त कसलं नि काय! खरं कारण मी नवऱ्याला कळू दिलं नाही, आणि देवापुढे हात जोडले तेही ती एक गोष्ट टाळून. माहेरी चार बुकं शिकले होते, म्हणून आज कागदावर उतरवते आहे.

इंग्रजी अमलातली गोष्ट, आमगावकडच्या आमच्या खेड्यातली. जमना माझी धाकटी जाऊ. दीर तापाने गेला तेव्हा ती विशीचीही नव्हती. मूल नाही, माहेरी सावत्र आई. तिच्या नवऱ्याच्या वाट्याची तळ्याकाठची बांधी, धानाचं बांध घातलेलं शेत, मामाजींनी — म्हणजे माझ्या सासऱ्यांनी — तिच्या हाती दिली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "एक साल पिकवून दाखव. पिकली त बांधी तुजी. नाही त थोरलीच्या हाताखाली राहा." थोरली म्हणजे मी.

तिने धान तर आणलंच. पण खरी परीक्षा होती जवसाची. आमच्याकडे जवसासाठी वेगळी नांगरट करत नाहीत. धान उभं असतानाच बांधीतल्या ओल्या चिखलात बी फेकतात. वर धान कापलं जातं, खाली जवस उगवलेला असतो. जमनाचा जवस असा फुलला की सारी बांधी निळी झाली. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "जमनाच्या हाताले बरकत आहे."

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. माझ्या हाताबद्दल कोणी कधी एक शब्द काढला होता? माझ्या पोटात दुखलं, सरळ सांगते. जमिनीचा लोभ नव्हता असंही नाही — होता. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे बोलणं.

त्या पौषात आभाळ सारखं भरून यायचं. आमच्या जवसावर गेरवा पडला. शहाणी माणसं त्याला तांबेरा म्हणतात. पानांवर, देठांवर नारिंगी फोड येतात, हात लावला की गेरूसारखी पूड बोटांना लागते. गाव म्हणे, हा आभाळाचा रोग, ढगातून पडतो. मी मात्र एक पाहिलं होतं. रोज तळ्यावर जाताना मी आमच्याच जवसातून आडवी वाट काढायचे. लुगड्याचा काठ लाल व्हायचा. आणि आठ-दहा दिवसांनी, जिथे पीक अजून चांगलं होतं तिथेही, माझ्या वाटेच्या दोन्ही अंगांना आधी फोड उठले. गेरवा माझ्या लुगड्यावरून चालत आला होता. साऱ्या गावात हे मला एकटीला कळलं होतं. आणि मी त्या अकलेचं काय केलं?

सांगते. आता इथवर आले तर सांगतेच.

दव असताना, झुंजूमुंजूला, गेरव्याने माखलेली जवसाची पेंढी मी पदराखाली घेतली आणि जमनाच्या बांधीत शिरले. फुललेल्या जवसावर ती झटकली. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत — एकदा नाही, पाच दिवस. वाईट वाटलं? नाही. मला मजा वाटली. वाऱ्याने गेरवा तिकडे गेला असता की नाही, देव जाणे. वाऱ्याचं वाऱ्यापाशी, माझं मी केलं.

पंधरवड्यात बांधी करपली. बोंडं धरली ती पोचट. मळणी झाली तेव्हा जिथे पोती भरायची तिथे दोन सुपं निघाली. तेल्याने चिमूटभर दाणे नखाने दाबून पाहिले आणि म्हणाला, "यात तेल नाही, बाई. भुसा आहे निरा."

मामाजींनी अंगणात सगळ्यांना बसवलं. पीक नासलं म्हणजे कोणीतरी विटाळलं, हा आमच्याकडचा हिशेब. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी बसले नाही. म्हटलं, "जमनाले इचारा. इटाळात बांधीत गेली होती का?"

जमनाने मान खाली घातली. "गेली होती जी. ढोरं घुसली होती. हाकलाले दुसरं कोन होतं?"

झालं. न केलेला गुन्हा तिने कबूल केला, आणि तो केलेली मी पदर सावरून बसले होते. आमचा अर्धा जवस गेला होता, तोही तिच्याच माथी आला.

बांधी आमच्याकडे आली. जमना माझ्या हाताखाली आली — बावीस वर्षं. उरलंसुरलं वाढायचे तिला. भाकरी घेऊन यायची ती धुऱ्यावर ठेवून मागे फिरायची, शेतात पुन्हा पाऊल टाकलं नाही तिने. पाहुणे आले की मी मुद्दाम म्हणायचे, हिच्या पायगुणाने आमचा जवस गेला. ती खाली बघून हसायची. का म्हणायचे मी? एकदा बोललेलं खोटं राखावं लागतं म्हणून? नाही. म्हणायला बरं वाटायचं म्हणून.

शेवटी ती आजारी पडली. एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर सून धान वाळत घालत होती. जमनाने माझा हात धरला. म्हणाली, "बाई, तुमचा बी जवस माज्यानंच गेला. माफ करजा मले."

कोणी ऐकायला नव्हतं. ती मरणार होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला.

मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे. केलं माफ."